गेल्या वर्षाचे भाव काकांच्या कपाटात

वरच्या मजल्यावरच्या मुलीला आपण कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं असतं तर काकांना धड सांगता आलं नसतं. घरी कोण, शिक्षण किती, हे त्यांनी भिडेपोटी कधी विचारलंच नाही. काकू मात्र तिला तोंडावर ज्योतिषीणबाई म्हणत.

शेअरचा भाव उद्या चढेल की पडेल, हे ओळखायला ती कॉम्प्युटरला शिकवायची. त्याने किती वेगाने शिकायचं, जुनं किती विसरायचं, ही सेटिंग्ज दिवसभर फिरवत बसायची. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळायचं.

एकदा तिने काकांच्या हातावर पेनड्राइव्ह ठेवला. "यात गेल्या वर्षाचे भाव आहेत. माझ्या प्रोग्रॅमची शेवटची परीक्षा यावरच, साहेबांसमोर. आधी पाहिलं तर मी सगळी सेटिंग्ज याच पेपरला जुळवून ठेवीन. पाया पडले तरी देऊ नका."

काकांना भाजीवाल्यालासुद्धा नाही म्हणता येत नसे. त्यांनी तो कपाटात स्वेटरखाली सारला.

आठवडाभरात ती दारात हजर.

"काका, एकदाच. नुसतं डोकावते."

काका चष्मा पुसत राहिले.

"काकू, तुम्ही तरी सांगा ना."

"मला कशाला मध्ये घेतेस? देतील. यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलंय का?"

"नाही देणार," काका म्हणाले. काकूंचा लाटण्यावरचा हात थांबला.

त्यानंतर मात्र जिन्यात तिची चप्पल वाजली, की काका न्हाणीघरात शिरून नळ सोडत. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं बळ आपल्यात नाही, हे ते ओळखून होते.

परीक्षेच्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन गेली ती संध्याकाळी हसतच आली. "शंभरात त्रेपन्न बरोबर."

"म्हणजे काठावर पास?" काकांचा चेहरा उतरला.

"अहो, बाजारात एवढं म्हणजे पुष्कळ. आधीच्या माणसाने नव्वद दाखवले होते, फुटलेल्या पेपरवर. पुढे तोंडावर आपटला. साहेब म्हणाले, तुझा आकडा खरा वाटतो. नोकरी पक्की, पण मुख्य ऑफिसात. गाव बदलावं लागेल."

"गेली आमची ज्योतिषीणबाई," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

निघायच्या दिवशी काका काहीतरी बोलायचं ठरवून वर गेले. ती गादी ओढत दारापर्यंत आली होती.

"काका, खाली टेम्पोवाला ओरडतोय. एक टोक धरता?"

"धरतो. तू वळणावर जपून."

"हो."