पालथं ताट

ताट माझ्या खिडकीत सापडलं.

पांढरं, निळ्या काठाचं, शाळेच्या जेवणघरातलं. वर्तमानपत्रावर पालथं घातलेलं. शेजारी कप, कपात चमचा. चादरी बदलायला आलेल्या स्वयंपाकघराच्या बाईने ते दोन बोटांनी उचललं आणि दारात उभी राहिली. बाजूच्या खोल्यांतल्या पोरी बाहेर आल्या. ती काहीतरी विचारत होती. मला फक्त "व्हाय" कळलं.

मी ताईला हाक मारली. ताई म्हणजे माझ्याच वर्गातली, नाशिकच्या एका डॉक्टरांची मुलगी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तरी ताई. माझा व्हिसाचा फॉर्म तिने भरला होता, विमानात माझा पट्टा तिने लावला होता. तिच्याशिवाय डेन्मार्कमध्ये मी मुकी होते.

ताईने ताटाकडे बघितलं. हसली. इंग्रजीत चार वाक्यं बोलली. "पुअर" ऐकू आलं, "हॅबिट" ऐकू आलं. मग मला म्हणाली, "मी सावरून घेतलंय. गरिबीत अशी सवय लागते, म्हटलं. तू फक्त सॉरी म्हण आणि विषय संपव."

मी सॉरी म्हटलं. हात जोडून म्हटलं.

न केलेल्या चोरीची माफी मागितली मी. का, तर उपकार होते. आणि भीती होती, परत पाठवतील.

ती शाळा मोठ्या माणसांची, तिथेच राहून शिकायची. सर्टिफिकेट मागत नव्हती, म्हणून तर मी तिथे पोचले. शाळा मी सातवीत सोडलेली. घर सायखेड्याच्या पुढे, गावाबाहेरच्या वस्तीत. बाराव्या वर्षी इंदिरानगरातल्या एका बंगल्यात कामाला लागले, राहायलाही तिथेच. सात वर्षं. नंतर एका महिला संस्थेच्या बालवाडीत मदतनीस. संस्थेनेच नऊ महिन्यांसाठी शिकायला पाठवलं.

बंगल्यात जात कुणी विचारली नाही. आडनाव पुरलं. मागच्या दारी, धुण्याच्या दगडाच्या वर कडप्प्याची एक फळी होती. तिच्यावर माझं ताट आणि कान तुटलेला कप. दगडाशेजारी बसून जेवायचं, धुवायचं, पालथं घालायचं. आतल्या भांड्यांत मिसळायचं नाही. मालकीणबाई कधी ओरडली नाही. दिवाळीला करंज्या द्यायची. वरून. हाताला हात न लावता. अख्ख्या घराची भांडी मी घासायची. मी घासलेल्या ताटात ते जेवायचे. माझं तोंड लागलेलं ताट तेवढं बाहेर.

आई म्हणायची, "बाई लय चांगली हाय. टिकून राह्य."

टिकले. इतकी टिकले की शाळेच्या जेवणघरात पहिल्या दिवशी जेवून उठले, नळाखाली ताट धुतलं आणि फळी शोधायला लागले. फळी नव्हती. सगळ्यांची ताटं एकाच चळतीत जात होती. माझा हात त्या चळतीकडे जाईना. म्हणून ताट खोलीत नेलं. रोज तेच घेऊन खाली जायचे, धुवून वर आणायचे. तिथे मला कुणी असं करायला सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. माझी मीच मला बाहेर बसवत होते. त्याची चीड आधी स्वतःवरच काढली. पुष्कळ दिवस. मग ती जिकडे जायला हवी तिकडे वळली.

त्या प्रसंगानंतर भांडी धुण्याच्या पाळीतून माझं नाव काढलं. चमचे मोजताना बाई माझ्याकडे बघायची.

मी ताईला म्हटलं, "ताई, त्यांना खरं सांगा. फळीचं सांगा."

फळी म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही तिला.

"नको गं," ती म्हणाली. "परक्या देशात आपल्याकडचं असलं काढायचं नसतं. बदनामी होते."

म्हणजे मी चोर ठरले तर चालेल. देशाची बदनामी नको. तिच्या देशात माझी गणती नव्हतीच.

सोमवारी सकाळी सगळी शाळा गोल करून बसायची. ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. माझ्याकडे संस्थेने दिलेला छोटा शब्दकोश होता. दोन दिवस त्यात शब्द शोधले. 'विटाळ'पुढे जे छापलं होतं ते मला पुरेना. शब्दांचा नाद सोडला.

सोमवारी जेवणघरातून एक ताट उचललं. गोलाच्या मधून चालत दाराबाहेर गेले आणि फरशीवर बसले. ताट समोर ठेवलं.

"इंडिया," मी म्हटलं. "बिग हाऊस. आय वर्क. दे इन. आय आऊट. सेव्हन इयर." ताट पालथं घातलं. "हिअर आय डू सेम. आय नॉट थीफ."

रडले नाही. "दे" म्हणताना ताईकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

स्वयंपाकघराची बाई जवळ आली, माझा दंड धरला, काहीतरी मऊ बोलली. मला तिचं मऊ नको होतं. "डिश वॉशिंग," मी म्हटलं. "माय नेम. राइट." तिने यादीत माझं नाव लिहिलं. ताट मी माझ्या हाताने चळतीच्या मधोमध घातलं.

जिन्यात ताईने गाठलं. "एवढं केलं तुझ्यासाठी, आणि तू मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलंस."

"फॉर्म भरलास, ते विसरणार नाही," मी म्हणाले. "पण त्यासाठी चोर होणार नाही."

पहिल्यांदाच तिला एकेरी बोलले. जीभ अडखळली नाही.

एक गोष्ट त्या गोलात मी सांगितली नाही. बंगला सोडला तेव्हा माझ्या जागी धाकट्या बहिणीला मीच नेऊन लावलं होतं. फळी मीच दाखवली होती. "ताट इथे ठेवायचं," हे तिला मीच शिकवलं होतं.

त्याच दुपारी तिला पत्र लिहिलं. मंगल, पत्र मिळेल त्या दिवसापासून दगडाजवळ जेवायचं नाही. आत, त्यांच्या भांड्यात वाढलं तर काम कर. नाही वाढलं तर निघ. आई रडेल, रडू दे. निघताना फळीवरचं ताट घेऊन ये आणि जपून ठेव. त्या फळीवर दुसऱ्या कुणाच्या पोरीचं ताट आलं, तर मी नाशिकला आल्यावर तेच ताट घेऊन त्यांच्या दारात बसणार आहे. मागच्या नाही. पुढच्या.