दाताचं झाकण

मी झोपेत दात खाते, हे मला लग्न होईपर्यंत धड ठाऊक नव्हतं. धुळ्याला माहेरी आई एखाद्या सकाळी म्हणायची, "काल काय दगड भरडत होतीस का गं?" आणि जंत झाले असतील म्हणून वावडिंगाचं पाणी पाजायची. विषय संपला. माहेरी दात खाल्ले तर जंत, सासरी खाल्ले तर अवलक्षण, हे मला दोंडाईच्याला जाऊन कळलं.

लग्न ऐन उन्हाळ्यात झालं, ऐंशीच्या पुढची गोष्ट. दोंडाईच्याला उन्हाळ्यात घरात कोण झोपतंय? सगळी गल्ली धाब्यावर. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, ह्या घराचं त्या घराला लागलेलं, मध्ये हातभर उंचीचा कठडा. तिकडे कुणी खोकलं तरी इकडे कळायचं, तिथे माझे दात काय लपणार! आठवडाही झाला नसेल, शेजारच्या म्हातारीने कठड्यावरून माझ्या सासूबाईंना अहिराणीत विचारलं, "रातले दात कोन खास व?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. दुपारी मला ताट वाढताना त्या म्हणाल्या, "जी रातले दात खास, ती घर खास." वर पोळी वाढली.

रात्री दात खाणारी घर खाते म्हणे! मला हसू आलं होतं तेव्हा. वीस वर्षांची होते, अकरावी झालेली, म्हटलं काय अडाणी बोलणं आहे. नवऱ्याला सांगितलं. तो बाजार समितीत एका अडत्याकडे कामाला होता, दिवसभर कापसाच्या गाड्यांमागे ओरडून घसा बसलेला. घरी आला की त्याला आवाजच नसायचा. "आई बोलते, तू ऐकून घे," एवढं त्याचं उत्तर. पुढे आयुष्यभर तेच.

पुढच्या वर्षी माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. मी खाटेवर पडून होते, अंगात त्राण नव्हतं, आणि ओसरीवर भेटायला आलेल्या बायकांना आत्याबाई सांगत होत्या, "पोटातलं इनीच खाधं." हळू बोलायचीही त्यांना गरज वाटली नाही. मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. असं वाक्य कानात गेलं की तिथेच घर करतं, मग काढायला कुणी येत नाही. मला शेरभर लाज वाटली आणि मणभर राग आला, पण रडू काही आलं नाही.

मग मला माहेरी पाठवलं. दात थांबले की या, असा निरोप. दात काय माझं ऐकत होते?

माझे वडील, नाना, धुळ्याला कचेरीत कारकून. चिडले, पण चिडून गप्प बसणारा माणूस. त्यांनी चौकशी करून एका दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुंबईहून शिकून आलेला, तरुण. त्याने माझ्या दाढा पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, या वयात इतक्या झिजलेल्या? जंत नाहीत, शाप नाही. झोपेत जबडा आवळता तुम्ही. पुष्कळ जणांना असतं." पुष्कळ जणांना असतं, हे ऐकून मात्र मी तिथे खुर्चीत हमसून हमसून रडले. इतके दिवस मला वाटत होतं की जगात मी एकटीच आहे.

त्याने साच्यात गुलाबी लगदा भरून माझ्या वरच्या दातांवर दाबला. गार, चिकट, उलटी येते की काय असं झालं. त्याचा ठसा नाशिकला गेला आणि दातांवर बसवायची एक पट्टी तयार होऊन आली. मग निळा कागद चावायला देऊन कुठे टोचतं ते बघितलं, घासून गुळगुळीत केलं. डॉक्टर तिला नाइट गार्ड म्हणायचा, नाना पट्टी म्हणायचे, आणि आई म्हणायची दाताचं झाकण. आईचा शब्दच मला पटला. एक भानगड होती. तिकडे पारदर्शक माल नव्हता म्हणून ती पट्टी कवळीच्या गुलाबी मालातच केली होती. डॉक्टर म्हणाला, काम तेच करील. केलंही. पहिल्याच रात्री आवाज बंद.

दोंडाईच्याला परत गेले. झाकण मी साबणदाणीत पाणी घालून पेटीत साड्यांखाली ठेवायची. सांगितलं का नाही म्हणाल, तर मला पुन्हा कसलंच बोलणं ऐकायचं नव्हतं. आत्याबाईंनी मधल्या काळात कुणाकडून तरी मंतरलेला दोरा आणला होता, तो मी मुकाट्याने दंडाला बांधला. दात थांबले ते दोऱ्यामुळे, असं त्या गल्लीत सांगत सुटल्या. सांगू देत बापड्या, म्हटलं. मला पुन्हा दिवस गेले होते. हे बाळ जगावं आणि माझ्या कुशीत झोपावं, एवढंच मी मागत होते. दुसरं काही नाही.

चौथा महिना होता. धाब्यावर गल्लीतल्या बायका बिबडे घालायला जमल्या होत्या. ज्वारीच्या घाट्याचे हे पापड वाळवायला जुनी, मऊ लुगडी, साड्या पसरायच्या. कपडा कमी पडला म्हणून आत्याबाई खाली गेल्या आणि माझी पेटी उघडून तळाची जुनी साडी ओढली. साबणदाणी फरशीवर पडली. वर आल्या त्या माझं झाकण दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं.

"व माय! हाई ते कवळी शे! आमले फसाडं! बठ्ठा दात खोटा शेतस इना!"

झालं. माझे सगळे दात खोटे ठरले. मुलगी बघायला आले की आमच्याकडे तिला हसवून, सुपारी फोडायला लावून दात बघायची रीत. मी सुपारी कडाकडा फोडलेली. आता सगळ्यांना वाटलं तिथेच काहीतरी चलाखी झाली. मी सांगायला लागले, "आत्याबाई, कवळी नाही ती, दात झिजू नयेत म्हणून दातावर घालायचं झाकण आहे, धुळ्याच्या डॉक्टरने दिलंय."

"दाताले झाकन? दात काय पातेलं शे का?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या फिस्सकन हसल्या. मला स्वतःलासुद्धा हसू फुटलं असतं, जर तेवढ्यात दोघींनी माझे हात धरले नसते तर. तोंड उघड म्हणाल्या. घाट्याने बरबटलेली बोटं माझ्या तोंडात गेली आणि एकेक दात हलवून बघायला लागली. बैल घेतानासुद्धा लोक हात धुतात. मी चार महिन्यांची पोटुशी, डोक्यावरचा पदर घाट्यात पडलेला, आणि ती बोटं दाढेपर्यंत. आत्याबाईंची बोटं.

आणि मी चावले. झोपेत नाही, चांगली टक्क जागी असताना. करकचून.

पश्चात्ताप झाला का? छे! आजही नाही. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? पण त्या चाव्याने माझं काय गेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आत्याबाईंनी बोट बघितलं, रक्त बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या ओरडल्याही नाहीत. त्या घाबरल्या होत्या. तोवर त्या बोलत होत्या ते नुसतं बोलणं होतं, आता त्यांची खात्री पटली. झाकण चुलीत गेलं. घरभर जळक्या बांगडीसारखा वास सुटला.

बाळंतपणाला धुळ्याला आले. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, गल्लीला ऐकू जाईल अशी रडणारी. नानांनी दुसरं झाकण करून घेतलं, आणि या वेळी डॉक्टरला बजावून काचेसारखं पारदर्शक, म्हणजे कुणी कवळी म्हणायला नको. ते मी उघडपणे दोंडाईच्याला नेलं. नवऱ्याला दाखवलं, आत्याबाईंना दाखवलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि पोर माझ्या मांडीवरून उचलली. "रातले मनाजोडे झोपी."

मी म्हटलं, "आत्याबाई, आता आवाज येत नाही."

"आवाज बंद झाया. दात ते शेतसच ना."

नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघून पायताणाचा पट्टा लावत होता.

म्हणून मग पोर रात्री आजीजवळ. दूध पाजायला आणून द्यायच्या, पाजून होईपर्यंत माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि पोर अंगावरून सुटली की घेऊन जायच्या. वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीवर त्यांचा जीव होता, फार जीव होता, आणि मी तिला खाईन याची त्यांना मनापासून भीती होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. घाबरलेल्या माणसाशी कसं भांडणार? मी भांडले तरीही, दर सणाला भांडले. दर वेळी उत्तर एकच, त्यांचं ते वाकडं बसलेलं बोट.

मुलगी साडेतीन-चार वर्षांची असताना, एरवी सोबत येणाऱ्या आत्याबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास जमेना, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि ती, दोघीच धुळ्याला आलो. एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली तेव्हा मी खिडकीसुद्धा उघडली नाही, जागी होईल म्हणून. सगळी सुटी माझी होती. आईला म्हटलं, "तू मध्ये येऊ नकोस, तिची गादी माझ्याजवळ घाल." जेवणं झाली, गच्चीवर पाणी मारलं, गाद्या घातल्या. मी दात घासून झाकण लावलं. पोर आपली उशी घेऊन उभी होती. मी म्हटलं, "ये गं माझ्याजवळ." झाकण असलं की शब्द बोबडे, जाड येतात. तिला समजलं नाही. नीट बोलता यावं म्हणून मी झाकण काढलं.

दिव्याखाली माझ्या तळहातावर तिला दिसले ते ओले, चकचकीत दात.

ती किंचाळली. उशी टाकून माझ्या आईच्या मांडीत शिरली आणि तिचा पदर तोंडावर ओढून घेतला. "माले नको दू तिनाकडे! ती माले खाई टाकी!" ही भाषाही आत्याबाईंचीच. पोर मला 'आई' म्हणाली नाही, 'ती' म्हणाली.

मी हात पाठीमागे लपवला. "अगं, मी आई आहे ना तुझी," असं काहीतरी बोलले. ती पदराआडून माझ्या तोंडाकडेच बघत होती. आई तिला थोपटत मला म्हणाली, "राहू दे गं आज. दमलीय पोर. उद्या झोपेल तुझ्याजवळ."

उद्या नाही झोपली. परवाही नाही. सुटी संपेपर्यंत ती आईजवळ झोपली आणि मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, झाकण लावून, आवाज न करता.