पाठीवरचा पत्ता

मी मूळचाच भित्रा. कारखान्यात लेथवर हात चांगला चालायचा, पण साहेबानं नुसतं नाव घेतलं तरी माप चुकायचं. त्या वर्षी तर भीती घरातच राहायला आली होती. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून, तीन वर्षांच्या पोरीला घेऊन माझ्याकडे कासारवाडीला निघून आली होती. तिचं सासर महाळुंग्याचं. 'बाईचं तुमचं तुम्ही बघा, पोरगी आमच्या घरची आहे, आम्ही उचलून नेणार,' असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला होता. मी नुकतीच खोली बदलली होती आणि नवा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता, एवढाच काय तो आधार. कामावर जाताना मी दाराला बाहेरून कुलूप लावायचो, म्हणजे आत कुणी नाही असं वाटावं. खिडकी उघडायची नाही, पोरीला रडू द्यायचं नाही, असं बहिणीला रोज बजावायचो.

पिंपरीत कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी जवळच्या शाळेच्या एका वर्गात पुण्याहून एक वकीलबाई यायच्या आणि घरगुती भांडणांत अडकलेल्यांना फुकट सल्ला द्यायच्या. बहीण म्हणाली, "दादा, एकदा जाऊन विचारूया." मी म्हणालो, चारचौघांत बोभाटा होईल, गप बस. आणि नशीब बघा, त्याच सल्लाकेंद्राच्या मदतीसाठी कंपनीनं सायकलफेरी काढली. जितके किलोमीटर आम्ही कापू, तितकी मदत कंपनी करणार. फोरमननं आमच्या खात्यातून मला न विचारताच माझं नाव दिलं. रस्ता भोसरी, चाकण, महाळुंगे, तळेगाव आणि मुंबई रस्त्यानं परत. महाळुंग्याचं नाव ऐकून माझी पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याआधीचे चार गुरुवार मी दाराला कुलूप लावून निमूट सरावाला गेलो.

फेरीच्या गुरुवारी सकाळी गेटावर डिस्पॅचच्या, म्हणजे माल बाहेर पाठवणाऱ्या खात्याच्या, लोकांनी प्रत्येकाच्या छातीवर 'मोफत कायदा सल्ला' लिहिलेलं कापड बांधलं आणि पाठीवर पत्र्याची पाटी. पुढच्याच्या पाठीवर मोठा आकडा दिसला, म्हणून पाटीवर बिल्ला नंबर असणार असं मी धरून चाललो. सगळ्यांच्या आधी ते गाव ओलांडावं म्हणून भोसरीलाच मी साऱ्यांना मागे टाकलं. चाकण सुटल्यावर तोंडाला रुमाल बांधला.

महाळुंग्याला तेव्हा कारखाने नव्हते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतंच. देवळापाशी कंपनीचा कारकून आमच्या कार्डांवर शिक्का मारायला बसला होता. पाणी द्यायची सोय गावकऱ्यांनी केली होती, आणि तांब्या हातात घेऊन नेमके बहिणीचे सासरे उभे होते.

"पाणी प्या की राव. तोंड कशापायी बांधलंय?" ते म्हणाले.

मी नुसती मान हलवली. घशाला कोरड पडली होती, पण पाण्यासाठी रुमाल सोडणार कसा? कार्ड खिशात कोंबलं, हँडलवर पार आडवा झालो आणि पायडल मारलं. मागून त्यांचा आवाज आला.

"कासारवाडीचं हायसा व्हय?"

तळेगावापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. चोराच्या मनात चांदणं, त्यांनी सहज अंदाजानं विचारलं असेल, अशी स्वतःची समजूत घालत होतो. तळेगाव स्टेशनापाशी थांबून पाठीवरची पाटी सोडली. वर नंबर, खाली माझं आडनावासकट नाव, चाळ, खोली, कासारवाडी. गेटाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर डिस्पॅचवाले पत्ता रंगवायचे. बिनपत्त्याचं काही बाहेर सोडायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. आज माणसं बाहेर चालली होती, तर माणसांवर रंगवला. कुणी वाटेत पडलाच तर घरी पोचवता यावा, हा त्यामागचा चांगुलपणा. आणि मी तोंड झाकून, पाठ वाकवून तो पत्ता सासऱ्यांच्या नाकासमोर धरला होता.

पुढची लोकल दीड तासानं होती. मी पाटी तिथंच टाकली आणि सायकल हाणली. ते लोक टेम्पो करून माझ्या आधी पोचणार हे मला कळत होतं. दार ठोकलं की पोर आतून रडणार, आणि कुलूप तोडायला असा कितीसा वेळ लागतो? बहिणीला पळायलाही वाट नव्हती, कारण मीच तिला कोंडून आलो होतो. देहूरोड आलं तेव्हा मला रडू फुटलं होतं. सायकल चालवता चालवता मी अक्षरशः रडत होतो.

चाळीत शिरलो तर कुलूप जागच्या जागी. देवाचं नाव घेत ते उघडलं. आत कुणी नव्हतं. पोरीच्या चपला नव्हत्या.

शेजारच्या खोलीतली भाभी, सायकल दुरुस्तीवाल्याची बायको, दारात आली. "दोन माणसं आली होती टेम्पोतून," ती म्हणाली. "दार वाजवलं, कान लावला, आवाज नाही म्हणून निघून गेली. परत येतो म्हणालीत."

"मग माझी बहीण कुठं आहे?"

"शाळेत, वकीलबाईकडं. दुसरी किल्ली ती मला खिडकीतून देते, मी कुलूप काढते, परत लावते. तुम्ही सायकलीवर गेलात की दर गुरुवारी जाते."

मी तसाच शाळेकडे धावलो. घामानं निथळत होतो, रुमाल गळ्यात लोंबत होता, छातीवर ते कापड. वर्गाच्या दारात उभा राहिलो आणि बहिणीला हाक मारली. तिनं वळून पाहिलं आणि झटक्यात पोरीला ओढून पोटाशी घट्ट धरलं.

वकीलबाई खुर्चीवरून उठल्या आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही हिच्या सासरचे का?" त्यांनी मला विचारलं.

मी बहिणीकडे पाहिलं. ती माझ्या हातातल्या कुलपाच्या किल्लीकडे बघत होती; उत्तर द्यायला तिनं वेळ घेतला.