पाठीमागून काढलेला व्हिडिओ

आमच्या गावात बाभळीच्या वळणावरून भरदुपारी कुणी जात नसे. मी जायची. मुद्दाम जायची, तिथून शाळा जवळ पडायची म्हणून… आणि कधी काही दिसलं नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचताना मी मनात म्हणायची, यांचा डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल. आज मीच लिहायला बसले आहे. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, दिग्रसकडची. सध्या इंदौरला मल्हारगंजात कामाला आहे. माझे मालक मिलिंदभिया, त्यांच्या वडिलांचं देवाच्या पोशाखांचं दुकान होतं — बाळकृष्णाचे झगे, मुकुट, इवल्याशा बासऱ्या, पितळी मूर्ती. इकडे बाळकृष्णाला लड्डू गोपाल म्हणतात. आता दुकानाचं शटर दिवसभर अर्धं खाली असतं आणि धंदा मात्र पूर्वीपेक्षा जास्त, कारण सगळं ऑनलाइन, खरेदीच्या ॲपवरून. गल्ली इतकी अरुंद की कुरियरची गाडी आत येत नाही. आम्ही पोती भरून स्कूटीवर कोपऱ्यापर्यंत नेतो, तिथून माल सांवेर रोडच्या गोदामात जातो आणि मग आसाम म्हणा, केरळ म्हणा… एकदा तर आमच्याच तालुक्यातली ऑर्डर आली होती. लेबल वाचून मी उगाच त्या डब्याला जास्तीची टेप लावली.

माझं काम पॅकिंगचं. मागच्या खोलीत टेबल आहे, त्याच्या समोर वरच्या बाजूला कॅमेरा. बारकोड स्कॅन केला की त्या पार्सलच्या नंबराने कंप्युटरवर रेकॉर्डिंग सुरू होतं. मग कॅमेऱ्याला आधी लेबल दाखवायचं, मग माल चारी बाजूंनी फिरवून, मग वजनकाटा, मग टेप. हे सगळं कशासाठी, तर गिऱ्हाईक उद्या म्हणालं की डब्यात माल नव्हता, तर ॲपवाले एकच विचारतात — पॅकिंगचा व्हिडिओ आहे का?

मी जरा घाबरट आहे. टेप लावल्यावरही डबा कानाजवळ धरून हलवून बघते. आणि मूर्ती बबलरॅपमध्ये गुंडाळताना "सांभाळून जा रे बाबा" असं म्हणते. वर्षावहिनी, म्हणजे मिलिंदभियांची बायको, यावरून मला चिडवतात.

मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळी आल्या आल्या भियांनी हाक मारली.

"वैशू, इकडे ये जरा."

कंप्युटरवर एक फोटो होता. आमचाच डबा, आमचीच टेप, आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड. आमच्याकडची सगळ्यात मोठी पितळी मूर्ती त्या डब्यातून गेली होती. गिऱ्हाइकाची तक्रार आली होती आणि ॲपवाल्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"भिया, मी मूर्तीच भरली होती. गरम झगा पण घातला होता तिला."

"अगं तो वीडियो निकालते हैं ना, टेन्शन काय."

पण माझ्या टेबलावरच्या कॅमेऱ्याचा चौकोन स्क्रीनवर काळा होता. भियांनी कॅमेरेवाल्या इरफानभाईंना बोलावलं. ते स्टुलावर चढले, वायर हातात धरून म्हणाले, "भिया, चूहे ने तार काट दिया. हफ्ते भर से बंद पड़ा है. आपने देखा नहीं?"

"अरे यार, रोज कौन देखता है!"

ते पार्सल त्याच आठवड्यातलं.

भिया माणूस चांगला. ओरडले नाहीत. पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ वैशू, मी तुला चोर नाही म्हणत. पण त्या दिवशी आम्ही दोघं देवासला साखरपुड्याला होतो. इथे तू एकटी. माल इथून निघाला की नाही, मला तरी कसं माहीत?"

"भिया, देवाशपथ…"

"शपथ अपलोड नहीं होती ना."

धाकटी बहीण नर्सिंगला आहे, तिची फी माझ्या पगारातून जाते. पण खरी भीती ती नव्हती. माझी आई गावभर सांगत असते — आमची वैशू इंदौरले कंपनीत हाये. मी चोरीचा ठपका घेऊन परत गेले असते, तर तिने बाहेर तोंड कसं दाखवलं असतं?

वहिनी आतून आल्या. "अहो, काय बोलताय तिला! सकाळपासून पोरीने पाणी नाही पिलं. ए वैशू, रो मत. आधी पोहे खा, मग हवं तेवढं रड."

ताट हातात घेतलं. मी तो दिवस आठवत बसले. दुपार होती. दाराला आतून कडी लावून मी डबा खाल्ला, हात धुतले आणि त्या मूर्तीला घेतलं. लेबल दाखवलं, मूर्ती फिरवून दाखवली, काटा दाखवला. टेप लावत होते तेवढ्यात मागून कुणीतरी बाईच्या आवाजात विचारलं, "जेवली काय वं?"

अगदी आमच्या गावाकडच्यासारखं. मी सवयीने वळून हसून म्हणाले, "हो, जेवली." मागे कुणी नव्हतं. वाटलं, शेजारी कुणाच्या मोबाइलवर रील चालू असेल. कामाच्या नादात विसरूनही गेले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आधीच चोर, त्यात वेडी म्हणाले असते.

तिकडे भिया इरफानभाईंना फाइली उघडून दाखवत होते. कॅमेरा बंद असला तरी स्कॅन केल्यावर फाइल बनतेच, फक्त आत काही नसतं. "ये देखो, काला. ये भी काला. ये…"

आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वैशू…" भियांचा आवाज वेगळाच आला. "ही तूच आहेस ना?"

मी ताट खाली ठेवून धावले. स्क्रीनवर माझी पाठ दिसत होती. माझी वेणी, माझा डावा कान आणि खांद्यावरून पुढचं टेबल. हातातलं लेबल वाचता येत होतं — तोच नंबर. गरम झगा घातलेली मूर्ती चारी बाजूंनी फिरली. काट्यावरचे आकडे दिसले. "सांभाळून जा रे बाबा" ऐकू आलं. टेप लागली. मग त्या व्हिडिओतली मी वळले, सरळ आमच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो, जेवली."

तिथे व्हिडिओ संपला. विचारणारीचा आवाज त्यात नव्हता. फक्त माझं उत्तर.

मग इरफानभाई हळूच म्हणाले, "भिया, इन कैमरों में माइक है ही नहीं."

ते मागच्या खोलीत गेले. माझ्या खुर्चीमागे रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली असतात आणि खोक्यांमागे भिंत. तिथे माणूस सोडा, मोबाइल धरलेला हातही मावणार नाही. त्या दिवशीही खोकी तशीच होती. इरफानभाईंनी खोकी काढून भिंत चाचपली. खिळासुद्धा नव्हता.

"अब क्या?" ते म्हणाले.

"अब क्या, अपलोड," भिया म्हणाले आणि त्यांनी माउस हातात घेतला.

संध्याकाळच्या आत ॲपवाल्यांचं उत्तर आलं. निकाल आमच्या बाजूने. दगड वाटेत कुठे आणि कुणी घातला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भिया तडक बाहेर गेले आणि माझ्यासाठी गरम जलेबी घेऊन आले. वहिनींनी मला जवळ घेतलं आणि मी इतकी रडले, इतकी रडले… पण ते रडणं वेगळं होतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. त्यानंतर खोलीवर जाऊन मी अशी झोपले की सोबतच्या मुलीला मला हलवून उठवावं लागलं.

वहिनी म्हणतात, बाळकृष्णानेच व्हिडिओ काढला. असेलही. पण मूर्तींची रॅक माझ्या समोर असते, मागे नाही. इरफानभाई म्हणतात, सिस्टम में कुछ गड़बड़ होगी. मी विचारलं, गडबड पाठीमागे जाऊन उभी राहते का? आई मात्र फोनवर रोज पहिलं तेच विचारते — जेवली काय वं? पण आईचा आवाज मी हजारांत ओळखीन. तो तिचा नव्हता. कुणाचा होता, मला आजही माहीत नाही. मला त्या खोलीत भीती वाटत नाही, याचंही मला नवल वाटतं.

आता नवा कॅमेरा आहे, माइकवाला. माझ्याबरोबर एक नवीन मुलगी कामाला लागली आहे. परवा ती म्हणाली, "दीदी, सामान कैमरे को दिखाते हैं. आप पीछे दीवार को क्यों दिखा रही हो?"

मी म्हटलं, "आदत है."

ती डबा खायला पुढच्या खोलीत गेली. मी माझा डबा टेबलावरच संपवला, हात धुतले आणि कुणी विचारायच्या आतच, मागे न बघता, हळूच म्हणाले — जेवली.