चांगुणाबाईंच्या नावापुढचा अंगठा

एकतीस वर्षं अंगणवाडी चालवून दैवशालाबाई निवृत्त झाल्या. घनसावंगी तालुक्यातल्या त्यांच्या गावात कुठलंही काम निघालं की लोक म्हणत, "बाईला इचारा." जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं, एका संस्थेनं आणि ग्रामपंचायतीनं मिळून गावात पाण्याचं अन् शाळेचं काम करायचं ठरवलं, तेव्हा समिती उभी करायची जबाबदारी आणि तिचं सचिवपद त्यांच्याकडेच आलं.

संस्थेच्या साधना मॅडमनी बजावलं होतं, "अकरा जण. भीमनगरातली एक तरी बाई हवीच. अन् प्रत्येकाला विचारूनच सही घ्या."

दहा सह्या झाल्या. भीमनगर राहिलं. कापूस वेचणीचे दिवस, तिथल्या बाया दिवेलागणीलाच घरी यायच्या. वस्ती बाईंच्या घरापासून पाच मिनिटांवर. पण गेलं की बसावं लागतं, चहा पुढं येतो, आणि तो घ्यावा की नाही हे बाईंना एकतीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. यादी पाठवायच्या दिवशी त्यांनी अकरावं नाव लिहिलं, भीमनगरातल्या चांगुणाबाईंचं. म्हातारीला कुठली सही येणार, असं धरून पुढं स्वतःचाच अंगठा उमटवला. तिचं भलंच होईल, अशी मनाची समजूतही घातली.

रविवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये गावाची सभा भरली. साधना मॅडम एकेक नाव वाचत होत्या. "चांगुणाबाई," म्हणताच दाराशी बसलेली म्हातारी गोंधळून उठली.

"मी कशात हाय?"

"समितीत, आजी. हा तुमचा अंगठा ना?"

"मला कोणी इचारलं न्हाई. अन् अंगठा कामून देऊ? मला सही येती."

सगळ्यांच्या माना दैवशालाबाईंकडे वळल्या. तेव्हाच खरं सांगून टाकता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "आजींच्या ध्यानात न्हाई राह्यलं, मॅडम. वय झालं आता."

दोघं-तिघं हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत.

"वय झालं, बराबर हाय. पण सही तुमीच शिकिवली की, बाई. प्रौढांच्या वर्गात. सहा महिने येत व्हते मी."

त्यांनी पेन मागून घेतला आणि कागदाच्या कोऱ्या बाजूला सावकाश पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी वाकून पाहिलं. अक्षराचं वळण बाईंचं स्वतःचंच होतं. कागद परत देऊन चांगुणाबाई निघून गेल्या. सभा तिथंच मोडली.

"नावच लावलंस ना? चोरी थोडीच केली?" घरी नवरा मच्छिंद्र म्हणाला. बाईंना अंगठ्यापेक्षा ते 'वय झालं' जास्त टोचत होतं. त्या वर्गातला चांगुणाबाईंचा चेहरा आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या भीमनगरात गेल्या. चांगुणाबाईंनी बाज पुढं सरकवली.

"माझं चुकलं, चांगुणाबाई."

"हितं बोलून काय उपेग? मला येडी ठरिवलं ते समद्यांसमोर."

सून भावना चहा घेऊन आली. बाईंनी कप उचलला आणि संपवला. चांगुणाबाई बघत होत्या.

"तिथंच सांगते. मंग तुम्ही याल ना समितीत?"

"मला न्हाई यायचं. ही भावना बारावी शिकलीय, तिला इचारा. अन् तिलाच इचारा, मला न्हाई."

बाईंनी विचारलं. भावनानं कामाची वेळ, बैठकीची जागा, सगळं खोदून विचारलं आणि रात्री कळवते म्हणाली. रात्री होकार आला.

पुढच्या रविवारी दैवशालाबाई हॉलमध्ये उभ्या राहिल्या. "तो अंगठा माझा व्हता. अन् आजी इसरल्या, हे मी खोटं बोलले." माफीचं वाक्य त्यांनी पाठ करून आणलं होतं, ते न म्हणताच त्या खाली बसल्या. साधना मॅडमनी सचिवाचं काम दुसऱ्या बाईकडे दिलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

जानेवारीत काम सुरू झालं. चांगुणाबाई रस्त्यात भेटल्या की पहिल्यासारखंच विचारतात, "जेवलात का, बाई?" दैवशालाबाई हो म्हणतात, पण मान वर करायला त्यांना अजून जमत नाही.