चिकटवलेला मिक्सर

स्वयंपाकघरातले मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. खाणीतून तांबं काढण्यापासून मिक्सर भंगारात जाईपर्यंत पर्यावरणावर त्याचा किती भार पडतो, हे मोजायचं आणि तो कमी होईल अशी रचना करायची. नव्या मिक्सरचे स्क्रू मीच काढून टाकले होते. तळ चिकटवला, प्लास्टिक पातळ केलं. वजन घटलं, भार घटला. शाबासकी मिळाली. पहिल्या खेपेतला एक मिक्सर मी हौसेने वारज्याला आईकडे नेला.

वर्षभरात तो बंद पडला. बाबा खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. हात थरथरतात, तरी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले.

"अगं, याचे स्क्रू कुठे आहेत?"

"नाहीत बाबा. चिकटवलाय."

"मग उघडायचा कसा?"

"उघडायचा नाही. नवीन घ्यायचा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वा! हे शिकायला बंगलोरला गेली होतीस?"

मग त्यांनी करवतीच्या पात्याने तळ कापला. कडेला तडा गेला, पण मोटर बाहेर आली. तांब्याच्या तारा नव्यासारख्या लखलखत होत्या. झिजला होता तो फक्त कार्बन ब्रश, मोटरला वीज पोचवणारा नखाएवढा तुकडा. त्या तांब्याचा भार मला तोंडपाठ होता. जुन्या आणि नव्या मिक्सरचं आयुष्य मात्र मी हिशेबात सारखंच धरलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही.

सोमवारी ऑफिसात आयुष्याचा आकडा बदलून सगळं पुन्हा मांडलं. जुना, जड, स्क्रूवाला मिक्सर सरस ठरला. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही, वडिलांच्या."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "करून दाखवा."

चार स्क्रू परत आले, ब्रश बाहेरून बदलता येईल अशी टोपी आली. पहिला नमुना मी बाबांपुढे ठेवला. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. दोनदा घसरला. माझा हात आपोआप पुढे झाला, तेव्हा आईने दारातूनच मान हलवली. मी हात मागे घेतला. तो अर्धा तास माझ्याच्याने बघवत नव्हतं. पण चारही स्क्रू त्यांनीच काढले, ब्रश बदलला, पुन्हा आवळले आणि बटण दाबलं. मिक्सर घरघरला.

"बरा आहे," ते म्हणाले. पुणेरी माणसाकडून एवढं पुष्कळ. "चौथा स्क्रू फार आत घेतलायस. म्हाताऱ्याला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगवर मी तो बोटभर बाहेर घेतला.

हल्ली बाबांना स्क्रूड्रायव्हर धरवत नाही. मी कुठलीही नवी वस्तू घेऊन गेले, की ते खुर्चीत बसून सांगतात आणि मी उघडते. चुकले की म्हणतात, "सावकाश. ते कुठे पळून जात नाही."