‘अजून एकदा’वाल्या ताई

ज्या बाईंनी आयुष्यात एकाही मुलाला ‘चुकलं’ असं म्हटलं नाही, त्यांच्याच आवाजात मी असंख्य मुलांना ‘चुकलं’ ऐकवलं. आणि त्यांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांच्याशी खोटं बोललो. ही गोष्ट मी पत्नीपासूनही लपवून ठेवली होती. आज पन्नाशी ओलांडल्यावर ती लिहायला बसलो आहे, ती मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते तसं होत नाही, हे मला आता कळलं आहे. ताई कशा होत्या हे कुठेतरी नीट नोंदलं जावं, एवढंच वाटतं.

संत तुकाराम नगरात त्या बालवाडी चालवत. मुलांच्या आया त्यांना ‘अजून एकदा’वाल्या ताई म्हणत. मूल चारला सात म्हणो की पेरूला आंबा, ताईंची भुवईसुद्धा हलत नसे. उजव्या हाताची तर्जनी वर करून त्या हवेत एक छोटासा गोल काढत आणि म्हणत, “अजून एकदा बघू.” मग थांबत. आपण इतर माणसं थांबतो ती पुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव करत. ताईंच्या थांबण्यात तसलं काही नसे. त्या नुसत्या थांबत, आणि समोरच्या मुलाला आपोआप धीर येई.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की कधीतरी ‘चुकलं’ तोंडून निघून जात नाही का? त्या मूळच्या चाकणकडच्या. मुलांशी पुस्तकातलं बोलत, माझ्याशी मात्र घरचं. म्हणाल्या, “आवं भाऊ, बालवाडीच्या आधी मी भोसरीला रबराच्या पार्टच्या वर्कशॉपात तपासणीला व्हते. वायसर उचलायचा, फिरवून बघायचा, खोट दिसली की लाल डब्यात. दिसभर त्येच. राती डोळं मिटलं तरी हात चालायचा. मग हितं आले, आन पयल्याच दिवशी एक पोर चुकलं, तर माझा हात आपसूक बाजूला गेला बघा. तवाच ठरवलं, हितं लाल डबा न्हाई.”

माझी त्यांची गाठ पडली ती आवाजामुळे. प्रोग्रामरची नोकरी सोडून मी त्याच वसाहतीत एका मागच्या खोलीत लहान मुलांसाठी संगणकाचे खेळ बनवू लागलो होतो. रंग, आकडे, अक्षरं, फळं. सीडीचे दिवस होते, आणि घरात संगणक आला की मूल हुशार होतं असा आईबापांचा ठाम समज होता. माझ्या ‘फळांची टोपली’ या खेळात एक आवाज फळाचं नाव सांगणार आणि मुलाने त्या फळावर बाण नेऊन बटण दाबायचं, एवढी साधी योजना होती. बालवाडीच्या खिडकीखालून जाताना ताईंचा आवाज ऐकला आणि मी आत गेलो. त्या आधी हसल्याच. “माझा आवाज? त्यापरीस भाजीवालीला न्या की! तिचा चार गल्ल्यांत जातो.”

माझ्या खोलीच्या खिडक्यांना सोलापुरी चादरी बांधून आणि पंखा बंद करून आम्ही ध्वनिमुद्रण करत असू. शिफ्ट सुटली की रस्त्यावरून कंपन्यांच्या बस धडधडत जात. तेवढ्यापुरत्या ताई बोलणं थांबवत आणि आवाज विरला की तर्जनीने स्वतःलाच गोल काढून दाखवत. मायक्रोफोनकडे पाहून मात्र त्यांना एक शब्द बोलता येईना. “ह्या दांडक्याशी काय बोलू? याला का त्वांड हाय? तुमी समोर बसा, आन चुका जरा.” म्हणून मी समोरच्या खुर्चीवर बसलो आणि मुद्दाम चुकू लागलो. त्या ‘केळं’ म्हणत, मी चिकूच्या चित्रावर बोट ठेवी. “अजून एकदा बघू,” त्या म्हणत, आणि मी खोटं चुकत असूनही मला खरोखर बरं वाटे.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत त्यांनी वर्कशॉपातल्या आपल्या सुपरवायझरची नक्कल केली. पेन्सिल कानामागे खोचली, खांदे वर घेतले, ओठ मुडपले, आणि एक काल्पनिक वायसर उजेडात धरून कडाडल्या, “चुकलं! बाजूला टाक!” आम्ही दोघंही हसून बेजार झालो. मग त्यांचं लक्ष यंत्राच्या लाल दिव्याकडे गेलं.

“भाऊ, हे भरलं का काय त्यात?”

“भरलं असेल.”

“पुसून टाका हां. पोरांच्या कानावर नगं जायला.”

“पुसतो, ताई,” मी म्हणालो.

मी ते पुसलं नाही. त्या वेळी मनात वाईट काही नव्हतं. गंमत म्हणून ठेवलं, असं मी स्वतःला आजही सांगू पाहतो. खेळ तयार झाल्यावर सीडी दुकानांत पोहोचवणाऱ्या वितरकाने तो पाहिला आणि तोंड वाकडं केलं. “सर, चुकलं की ‘अजून एकदा बघू’? फारच मिळमिळीत आहे हो! काहीतरी दणका पाहिजे. पोरांना मजा आली पाहिजे.” मी घरी जाऊन त्या नकलेचा तुकडा कापला आणि ‘अजून एकदा बघू’च्या जागी बसवला. चुकीचं फळ घरंगळत पडद्याच्या कडेला असलेल्या डब्यात पडेल, अशी सोयही केली. डब्याला रंग देताना माझा हात थांबला नाही. मी तो लालच केला.

वितरकाचं म्हणणं खरं ठरलं. तो आवाज ऐकायला मुलं मुद्दाम चुकत. सीडी खपू लागल्या. त्याच सुमारास एका कंपनीने आपले जुने संगणक आसपासच्या बालवाड्यांना दिले आणि वितरकाने त्यांत आमचा खेळ भरून दिला. ताईंच्याही बालवाडीत एक जाणार, हे मला आधी कळलं होतं. मी काही बोललो नाही. त्या इतक्या साध्या आहेत, त्यांना गंमतच वाटेल, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या साधेपणाचा हिशेब आपण आपल्याच सोयीने मांडतो.

काही दिवसांनी ताई माझ्या खोलीवर आल्या. त्याच खुर्चीत बसल्या, मी चुकायला बसत असे त्या. बालवाडीत साक्षी नावाची एक मुलगी होती, लातूरकडून आलेल्या कुटुंबातली. तिची बोली वेगळी, त्यामुळे तोंड उघडायला कचरायची. ताईंनी महिनोन्महिने थांबून थांबून तिला बोलतं केलं होतं. खेळातला तो आवाज मुलांच्या तोंडी बसला. कोणाचा डबा सांडला, चेंडू सुटला की सगळी पोरं ओरडत, “चुकलं! बाजूला टाक!” साक्षीच्या वाट्याला ते जास्त येई, पण तेवढं तिने सोसलं असतं. मग एके दिवशी तिची संगणकाची पाळी आली.

“पोरगी चुकली,” ताई सांगत होत्या. “पेरूच्या जागी डाळिंब दाबलं. मी मागंच उभी. आन माझाच आवाज आला समोरनं. तिनं आधी पडद्याकडं बघितलं, मग मान वळवून माझ्याकडं. माझं त्वांड तर मिटलेलं, भाऊ. पर तिला कसं पटावं?”

साक्षी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ताई तिच्या घरी गेल्या तेव्हा तिची आई दारातच म्हणाली, “लेकरू म्हणायलंय, ताईच मला बाजूला टाक म्हणत्यात. म्या म्हणलं, न्हाई गं, ताई तसं कशाला म्हणतील? तर परवा शेजारच्या पोराकडं त्यो खेळ ऐकला. तुमचा आवाज मी बी वळखते की, ताई.”

हे सगळं सांगून झाल्यावर ताईंनी मला विचारलं, “तुमी त्ये पुसलं व्हतं न्हवं?”

खरं सांगायला तो क्षण पुरेसा मोठा होता. बाहेर बस नव्हती, गोंगाट नव्हता. ताई थांबल्या होत्या, मुलांसाठी थांबत तशाच. आणि मी म्हणालो, “मी पुसलं होतं, ताई. सगळ्या फायली वितरकाच्या माणसांकडे गेल्या होत्या. त्यांनीच कुठून तरी काढलं असेल. मी बोलतो त्यांच्याशी.”

“मग तुमी तरी काय करणार,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर भरवसा हाय माझा.” जाताना त्यांनी माझ्या टेबलावरचा उष्टा कपही विसळून ठेवला.

मी वितरकाशी बोललोच नाही. साक्षीच्या वडिलांना चाकणच्या बाजूला नवं काम मिळालं आणि ते कुटुंब निघून गेलं. ताईंचं म्हणणं त्या मुलीपर्यंत पोहोचलंच नाही. पुढे एकदा बालवाडीवरून जाताना मी आत डोकावलो. संगणकाच्या स्पीकरची वायर उपटून गुंडाळून ठेवली होती. पडद्यावर फळं मुकाट्याने डब्यात पडत होती, आणि शेजारी बसलेल्या ताई प्रत्येक फळाला स्वतःच्या तोंडाने म्हणत होत्या, “अजून एकदा बघू.” मी पाय न वाजवता परत फिरलो. त्यानंतर मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. लवकरच वसाहतही सोडली.

सीडीचे दिवस संपले. मी तो खेळ एका मोबाइलवाल्या मंडळींना विकून टाकला आणि विसरलो असं समजून राहिलो. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत एका संध्याकाळी लिफ्टमध्ये एक लहान मूल आईच्या फोनवर खेळत होतं. चित्रं सगळी नवी होती. फळांना डोळे आणि हातपाय फुटले होते. तेवढ्यात बंद लिफ्टमध्ये आवाज घुमला, “चुकलं! बाजूला टाक!” मूल खिदळलं. त्याची आई माझ्याकडे पाहून कौतुकाने हसली, आणि मी भलत्याच मजल्यावर उतरलो. त्यांनी सगळं बदललं होतं. आवाज तेवढा ठेवला होता.

तेव्हापासून तो आवाज माझ्यामागे लागला आहे. हिंजवडीकडे जाताना वळण चुकलं, बँकेच्या यंत्रात चुकीचा आकडा दाबला गेला, पत्नीशी बोलताना शब्द वाकडा गेला, की तो येतो. ताईंच्या आवाजात येतो, हीच खरी शिक्षा. ‘अजून एकदा बघू’ कसं वाटायचं ते आठवायचा मी प्रयत्न करतो. ते ऐकू येत नाही. मीच ते पुसलेलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर जुन्या वसाहतीतले एक शेजारी भेटले. त्यांच्याकडून कळलं की ताईंच्या घशाचं मोठं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या गावाकडे मुलाजवळ असतात. मी माळ्यावरची जुनी हार्ड डिस्क काढली, ती कशीबशी चालू करून घेतली आणि नकलेच्या त्या दुपारचं सगळं ध्वनिमुद्रण एका पेनड्राइव्हवर उतरवलं. ते घेऊन चाकणकडे निघालो. भेट म्हणून नेतो आहे, असं मनाला सांगत होतो. वास्तविक त्या भेटीआड लपायचं होतं.

गोदामांच्या मधोमध उरलेलं छोटं घर. ताईंनी मला लगेच ओळखलं. गळ्याभोवती मऊ सुती फडकं होतं, चेहरा तोच. त्यांनी हाताने खुर्ची दाखवली, मी समोर बसलो. सुनेने चहा दिला. मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून, त्यात काय आहे ते सांगितलं.

“अगंबाई, आईंचा आवाज!” सून हरखली. “फार बरं केलंत, सर. आमचा ओम ऑपरेशननंतर झालेला. त्याने आजीला बोलताना ऐकलंच नाही. तिचा आवाज त्याला माहीत आहे तो फक्त गेममधला. सगळ्यांना फोन दाखवत फिरतो, ही माझी आजी बोलते म्हणून.”

जणू बोलावल्यासारखा आतल्या खोलीतून तो आवाज आला. “चुकलं! बाजूला टाक!” पाठोपाठ एका मुलाचं हसू. ताईंनी मांडीवरचा पदर उगाच सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“ताई,” मी म्हणालो, “त्या वेळी आमच्याकडून एक चूक झाली होती.”

त्यांनी तर्जनी वर केली आणि हवेत एक छोटासा गोल काढला.

“म्हणजे, वितरकाचा फार आग्रह होता, आणि मग...”

पुन्हा तोच गोल. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. त्यांना सगळं पूर्वीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजही कळलेलं नाही. त्या थांबल्या होत्या. सून हातातला ट्रे तसाच धरून उभी होती. मी हलक्या आवाजात बोलणारा माणूस आहे, पण आतल्या खोलीतल्या मुलालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला बोलावं लागलं.

“ताई, तुम्ही ते पुसायला सांगितलं होतं. मी पुसलं नाही. खेळात तो आवाज मी घातला, माझ्या हाताने, दुसऱ्या कोणीही नाही. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी खोटं बोललो. साक्षी गेली ती माझ्यामुळे. ओमला सांगा, त्याची आजी असं कधीच कुठल्या मुलाला म्हणाली नाही. ते मी म्हणालो. मला माफ करा, ताई.”